झाकलेल्या वाट्या

वाटी झाकून ठेवायची, हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्याच दिवशी पाहिलं, की प्रत्येक बाईच्या पुढ्यात गोंदाची वाटी आहे आणि प्रत्येक वाटीवर काहीतरी आहे. कुणाच्या वाटीवर बशी, कुणाच्या वाटीवर पुठ्ठ्याचा तुकडा, माझ्या थोरल्या जावेच्या वाटीवर तर तिच्या पदराचं टोक. मला वाटलं, गोंद वाळू नये म्हणून झाकतात. ते खरंही होतं. पण नुसतं वाळू नये म्हणून झाकणारी बाई गोंद कालवताना पाठ फिरवून बसत नाही.

साधारण सत्त्याण्णव सालची गोष्ट. सुरतेत, उधन्यात एका गल्लीत शेठचा कारखाना होता. खाली लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, वर आमचा बायकांचा मजला. खडे लावणाऱ्या आम्ही नऊ जणी, आणि कोपऱ्यात घड्या घालणारी एक गुजराती बेन. खाली लूम दिवसरात्र चालायचे, त्यामुळे वरची फरशी सतत थरथरायची. ताटलीत ठेवलेले खडे हळूहळू सरकत एका बाजूला गोळा व्हायचे. पहिले काही दिवस घरी आल्यावरही मला पायाखालची जमीन हलतेय असं वाटायचं. नवरा म्हणायचा, होईल सवय. सवय झाली नाही. त्या मजल्यावर मी कधीच निवांत बसले नाही. पण त्याला लूमचं कारण पुरेसं नाही.

काम असं होतं. शेठ कोरी साडी द्यायचा. तिच्यावर नक्षीचा भोकं पाडलेला कागद ठेवून निळीचा बोळा फिरवला, की कापडावर ठिपके उमटायचे. प्रत्येक ठिपक्यावर मेंदीच्या कोनासारख्या कोनातून गोंदाचा थेंब द्यायचा आणि मेण लावलेल्या काडीनं चमकीचा खडा उचलून त्यावर बसवायचा. एका साडीवर हजारो खडे. ऐकायला सोपं आहे. पण थेंब जाड पडला की खड्याच्या कडेनं बाहेर येतो आणि वाळून पिवळा दिसतो. बारीक पडला की खडा गळतो. गोंदाचा मोठा डबा सगळ्यांना एकच होता, पण डब्यातून वाटीत घेतल्यावर त्यात कोण किती थिनर घालतं, खडा ठेवण्याआधी किती थांबतं, खडा बोटानं दाबतं की काडीनं, हे जिचं तिचं. आमच्यात त्याला ‘हात’ म्हणायचे. हिचा हात चांगला आहे, तिचा हात कच्चा आहे. आणि हात कुणी कुणाला देत नसे. जिचे खडे गळत नाहीत तिला शेठ नवं डिझाइन आधी द्यायचा, उजेडात बसवायचा, आणि काम कमी असेल त्या दिवशी तिला परत पाठवायचा नाही.

खिडकीजवळची जागा मावशीची होती. मावशी मराठवाड्यातली, पन्नाशीची. नात्यानं कुणाचीच मावशी नव्हती, पण शेठही तिला मावशी म्हणायचा. तिचा खडा नखानं खरवडला तरी निघत नसे. ती फारशी बोलायची नाही, पण बोलली की लागेल असं बोलायची. माझ्या जावेनं एकदा तिच्या वाटीकडे मान लांब करून पाहिलं, तर म्हणाली, “काय गं, जेवायला बसायलीस का माझ्या ताटात?” सगळ्या हसल्या. जाऊही हसली, पण तिनं ते मनात ठेवलं.

आता माझं सांगते. आम्ही धुळ्याकडचे. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी गावाला सासूजवळ काढलं. नवरा सुरतेत पांडेसऱ्याला रंगाच्या मिलमध्ये होता, तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला यायचा. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे मला सुचायचं नाही. तो जायच्या दिवशी कुठे थोडं बोलू लागायचे. दुसऱ्या वर्षी जाऊ सुरतेला कामाला लागली आणि तिच्या सोबतीला म्हणून मलाही आणलं. एक खोली, मधे पडदा, दोन जोडपी. जेठांनी, म्हणजे जावेच्या नवऱ्यानं, आल्या दिवशीच सांगितलं होतं, की बायका कामाला जातात तोवर राहतील. काम सुटलं तर दोघी गावाला जातील, आणि खोलीत गावाकडची माणसं घेऊ. ते रागानं बोलले नव्हते. सगळ्याच खोल्यांत तसं चालायचं. पण तेव्हापासून मला खोलीतला तांब्यासुद्धा आपला वाटत नसे. सकाळी अंथरुणाची घडी घालताना वाटायचं, ही घडी गाठोड्यात बांधायला किती वेळ लागेल.

त्या वर्षी दिवाळीच्या हंगामाआधी शेठ एक दिवस नवं कापड घेऊन वर आला. इतकं पातळ आणि सुळसुळीत की टेबलावर ठेवलं तरी आपोआप खाली घसरायचं. तोवर आम्ही खडे लावत होतो ते जाड जॉर्जेटवर. शेठ म्हणाला, “देखो बेन, जाडी साडी पे डायमंड तो अब सब के पास है. वेपारी को नवा चाहिए. ऐसे कपडे पे आखा पल्लू भर के, और धोने से एक भी दाना गिरना नहीं चाहिए.”

मावशीनं कापड बोटांत चोळलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, “तीन दिवस द्या.”

तीन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पदर टेबलावर पसरला. मोराच्या पिसाऱ्यासारखी नक्षी होती. कापड इतकं पातळ की खाली टेबलाचं लाकूड दिसत होतं आणि खडे जणू हवेतच होते. व्यापारी मार्केटमधून स्वतः आला. त्याची रीत अशी, की बादलीभर पाणी मागवायचं, पदर त्यात बुडवायचा, पिळायचा आणि झटकायचा. त्यानं झटकला. फरशीवर पाणीच पडलं, खडा एकही नाही. तो शेठला म्हणाला, पुढच्या शनिवारी चार साड्या अशाच दाखव, मग पूर्ण हंगामाचं काम तुझं.

तो गेल्यावर शेठ आमच्याकडे वळला. त्याला वाईट वाटत असावं, कारण तो आमच्याकडे न बघता खडे चाळवत बोलला. वरचा मजला भाड्यानं मागायला एक लूमवाला मागे लागलाय, असं तो महिनाभर म्हणत होता. आता म्हणाला, हे काम मिळालं तर मजला तुमचा. नाही मिळालं तर दिवाळीनंतर इथे लूम येतील.

जावेनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. दोघींना एकच दिसलं, गावाकडचं घर.

मावशी एकटी चार साड्या आठवड्यात करू शकत नव्हती. म्हणून बाकी आठ जणींना दोघी-दोघींत एक साडी दिली. मावशीचा पदर मधे दोरीवर टांगला, त्याच्याकडे बघून करा म्हणून. आम्ही बघून बघून केलं. खडा त्याच मापाचा, ठिपका तोच, गोंदाचा डबा तोच. मंगळवारी संध्याकाळी पहिली साडी उचलून नुसती झटकली तर खडे पावसासारखे खाली आले. फरशी थरथरतच होती, ते नाचत नाचत टेबलाखाली गेले.

“तुझ्याच बाजूचे गळले,” एक म्हणाली.

“माझ्या बाजूचे? डोळे आहेत का गारगोट्या?”

“तिला विचारा ना, तिचे कसे टिकले.”

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं वाटीवर बशी ठेवली. “मी कुठं कुणाला धरून ठिवलंय? बगा की पदर, टांगलाय न्हवं तितं.”

पदर बघून गोंद कळत नाही, हे तिलाही माहीत होतं. पण तिला थेट कुणी विचारलं नाही, आणि न विचारता तीही सांगणार नव्हती. मला आज वाटतं, एखादीनं जवळ जाऊन, मावशी, आम्हाला जमत नाही, एवढं म्हटलं असतं तर कदाचित तिनं सांगितलं असतं. तेव्हा ते कुणाच्याच मनात आलं नाही. विचारणं म्हणजे दुसरीच्या वाटीत हात घालणं, अशीच आमची समजूत होती.

त्या संध्याकाळी नवऱ्याला वाढताना मी सहज म्हटलं, नवं कापड फार सुळसुळीत आहे. एरवी मी कामाचं बोलत नसे. तो म्हणाला, ते कापड आमच्याच मिलमधून गेलं असेल. आता शेवटच्या पाण्यात मऊ करायचं केमिकल जास्त घालतात. हात तेलकट होतात आमचे, साबणानं धुतले तरी जात नाही.

मी पोळी हातात धरून तशीच उभी राहिले. तेलकट भांड्याला काही चिकटत नाही, हे कुठल्या बाईला माहीत नसतं?

“ते निघतं कशानं?” मी विचारलं.

“कोमट पाण्यानं पुसलं की वरचं निघतं. काबरं?”

“काही नाही,” मी म्हटलं.

हे ‘काही नाही’ मला पुढे फार महागात पडलं. जाऊ पडद्यापलीकडे भाजी निवडत होती. तिलाही मी सांगितलं नाही. मी असा विचार केला, की आठ जणींपुढे उभं राहून आपण काय सांगणार. मी सगळ्यांत नवी, माझा हात कच्चा. मावशी म्हणेल, ही मला शिकवायली. त्यापेक्षा लवकर जाऊन पुसून ठेवू. खडे टिकले की झालं. कुणी केलं याच्याशी काय करायचंय?

बुधवारी मी जावेला म्हटलं, पाणी लवकर भरून झालंय, मी पुढे जाते. खाली लूम चालू असल्यामुळे जिना उघडाच असे. घरून थर्मासमध्ये कोमट पाणी नेलं होतं. मंगळवारच्या साड्या खराब झाल्या होत्या, शेठनं रात्रीच ठिपके उमटवलेल्या चार नव्या ठेवल्या होत्या. मी एकेक पदर पसरून ओल्या फडक्यानं ठिपक्यांवरून पुसत गेले, ठिपके पसरू नयेत म्हणून दाबून दाबून. जिन्यावर पाऊल वाजलं की फडकं पदराखाली. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि करत होते मी सगळ्यांच्या भल्याचं. पंखा लावून पदर वाळवले आणि बायका यायच्या आत झाडू हातात घेतला.

“आज सूर्य कुठे उगवला? नवी नवरी झाडून काढतेय,” कुणीतरी म्हणालं. लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी त्या मला नवी नवरीच म्हणायच्या.

काम सुरू झालं. डब्यातला गोंद वाटीत घेतला तो मला पातळ लागला. मी थिनर घातलंच नाही, तरी पातळ. शेजारणीनंही आपली काडी वाटीत दोनदा बुडवून वर धरून पाहिली. पलीकडे जावेनं भुवया चढवल्या. म्हणजे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कुणी बोललं नाही. आज गोंद पातळ आहे असं म्हणायचं तर माझा रोज किती घट्ट असतो ते सांगावं लागणार. पदराखाली टेबलावर ओल दिसली. मला वाटलं, माझं पुसलेलं पाणी नीट वाळलं नाही. मी हातरुमालानं गुपचूप टिपलं.

संध्याकाळी खडे पक्के बसले होते. एकीनं नख लावून पाहिलं, निघाला नाही. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. साड्यांच्या घड्या घालून वर फळी ठेवून आम्ही घरी गेलो. त्या संध्याकाळी मी भाजीत मीठ घालायला विसरले आणि मला त्याचंही हसू आलं.

गुरुवारी सकाळी घडी उलगडायला गेलो तर साडी उलगडेना. गोंद कापडातून आरपार खाली उतरला होता आणि घडीचे पापुद्रे एकमेकांना चिकटले होते. एकीनं ओढलं, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो. पातळ कापड फाटतं तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. चारही साड्या तशाच.

शेठ वर आला. एक साडी उचलून उलटीपालटी केली आणि इतका ओरडला की खालचे कारागीर जिन्यात येऊन उभे राहिले. “आ शुं कर्युं? किसने किया? गोंद किसने पतला किया?”

तेव्हा माझी जाऊ उठली. “मावशीनं केलं,” ती म्हणाली. “मंगळवारी संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी जेवणाचा डबा विसरले म्हणून परत आले, तेव्हा मावशी गोंदाच्या डब्यात थिनर ओतत होती. मी डोळ्यांनी पाहिलं. आमचं बिघडावं आणि हिचंच चांगलं दिसावं म्हणून.”

मावशीनं हातातली काडी खाली ठेवली.

“वतलं मी,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? ह्या कापडाला तेलकटपणा हाय. जाड गोंद वरच्या वर बसतो. पातळ केला तर आत शिरतो. माझ्या पदराला तसाच केलता. सगळ्यांचं टिकावं म्हणून वतलं.”

“मग सांगितलं का नाही?” जाऊ म्हणाली.

मावशीनं बशी उचलून वाटीवर ठेवली. जे उत्तर माझ्याकडे होतं तेच तिच्याकडेही असेल, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं. कारण मला समजलं होतं. तिचा पातळ गोंद तेलकट कापडासाठी होता. आणि तेलकटपणा मी पुसून टाकला होता. तिचं एकटीचं केलेलं बरोबर होतं, माझं एकटीचं केलेलं बरोबर होतं, आणि दोन्ही मिळून चार साड्या फाटल्या.

शेठनं मावशीला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. मग थांबून म्हणाला, उद्या सामान न्यायला ये. आणि आम्हाला म्हणाला, शेवटच्या चार साड्या आहेत, शनिवारी व्यापारी येणार. झालं तर झालं.

मी तोंड उघडलं नाही. खरं ते खरं. ही वही कुणाला दाखवायची नाही, मग इथे तरी का लपवू. मी उभी राहिले, पदर मुठीत धरला, आणि मावशीला सगळ्यांसमोर चोर ठरताना बघितलं.

संध्याकाळी नळावर मी जावेला सांगितलं. तिची घागर भरून वाहायला लागली तरी तिनं सरकवली नाही.

“तू पुसं? कव्हय?”

“बुधवारी सकाळी.”

“अन आते सांगस?” ती दबक्या आवाजात म्हणाली, पण दात आवळून. तिला राग आला की ती माझ्याशी अहिराणीतच बोलायची. मग तिनं इकडे तिकडे पाहिलं. “गप बस. कोणले सांगू नको. मावशी गयी ते गयी. तुनं नाव व्हयनं ते शेठ आपले दोन्हीसले काढी. मंग जाय गावले.”

ती वाईट बाई नव्हती. तिचा मुलगा गावाला सासूजवळ होता आणि त्याला इकडे आणून शाळेत घालायचं तिच्या मनात होतं. तिचंही गावाला जाऊन भागणार नव्हतं. मी घागर उचलली. जिना चढताना पाणी माझ्या पाठीवर सांडत होतं. खोलीत मी जे हातात घेत होते ते खाली ठेवत होते आणि परत घेत होते. नवऱ्यानं विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, काही नाही. आणि म्हणता म्हणताच मला ते दोन शब्द ऐकू आले.

शुक्रवारी मावशी सामान न्यायला आली. सामान म्हणजे काय, वाटी, बशी, काड्यांची पेटी, मेणाचा गोळा, बसायचं पोतं. ती कुणाकडे न बघता पिशवीत भरत होती. बाकीच्या खाली माना घालून बसल्या होत्या. शेवटच्या चार साड्यांना कुणी हात लावला नव्हता, कारण काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

मला बोलता आलं नसतं. म्हणून मी उठले. फाटलेल्या साड्यांबरोबर आलेला त्याच कापडाचा तुकडा घेतला. घरून आणलेलं कोमट पाणी फडक्यावर घेऊन तुकड्याचा अर्धा भाग पुसला, अर्धा तसाच ठेवला. फुंकून वाळवला. मग मावशीच्या पिशवीतून तिची वाटी काढली.

“ए!” मावशी म्हणाली. “काय करायलीस?”

मी बशी बाजूला ठेवली. वाटीत उरलेल्या तिच्या पातळ गोंदाचे थेंब दोन्ही भागांवर दिले, खडे बसवले आणि तुकडा उलटा करून तिच्यासमोर धरला. न पुसलेल्या भागाची मागची बाजू कोरडी होती. पुसलेल्या भागाच्या मागून प्रत्येक थेंब आरपार ओला आला होता.

मावशीनं तुकडा हातात घेतला. पुढून पाहिला, मागून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

“तूच व्हय?”

मी मान हलवली. जाऊ मागून म्हणाली, “झालं! संपलं आता!”

“आणि काल माझ्यावर नाव येत हुतं तवा?” मावशीचा आवाज चढला. “तवा तोंडात काय खडे धरले हुते का? आं? बोल की!”

“भीती वाटली,” मी म्हणाले. माझा आवाज इतका लहान आला की पलीकडची म्हणाली, काय म्हणाली ती? मग मी पुन्हा म्हणाले, “भीती वाटली. कापडाला मिलमध्ये केमिकल देतात. नवऱ्यानं सांगितलं. मी लवकर येऊन पुसलं. कुणाला सांगितलं नाही. चूक माझी आहे.”

एवढं मी त्या मजल्यावर वर्षभरात बोलले नव्हते. मग भांडण लागलं. जाऊ मावशीला म्हणाली, तू विचारून ओतायचं होतंस. मावशी तिला म्हणाली, तू पाहिलंस तवाच का नाही बोंबललीस, दोन दिवस काय अंडी घालत बसलीस? एक म्हणाली, मला बुधवारीच गोंद पातळ लागला होता. दुसरी म्हणाली, मलाही. तिसरी म्हणाली, मला तर ओलही दिसली. “दिसली आणि गप्प बसलीस?” “तू नाही बसलीस?” सगळ्या एकमेकींना असं बोलत असताना हळूहळू तेच बोलणं कामाचं झालं. कधी झालं ते मला कळलं नाही. मावशीनं पिशवीतून पोतं काढून परत खाली टाकलं आणि बसली. म्हणाली, पुसून घेतलं तर गोंद किती जाड लागेल ते बघू. तुकड्यावर बघू, साडीवर न्हाई.

पुसलेल्या तुकड्यावर निम्मं थिनर घालून पाहिलं, पाव घालून पाहिलं; पाव घातलेला गोंद टिकला आणि मागे उतरला नाही. माझ्या जावेनं सांगितलं, की ती थेंब दिल्यावर मनात वीसपर्यंत म्हणते, मगच खडा ठेवते, म्हणून तिचा गोंद कडेनं बाहेर येत नाही. वर्षभर एकाच मजल्यावर बसून हे मला माहीत नव्हतं, आणि मी तिच्याच खोलीत राहत होते. कोपऱ्यातली घड्या घालणारी गुजराती बेन म्हणाली, “घडी में कागळ मूको ने. हर पड में कागद रखो, चिपकेगा नहीं.” ती घड्या घालते म्हणून तिला कुणी कधी खड्यांविषयी विचारलंच नव्हतं. दुपारपर्यंत टेबलावर सगळ्या वाट्या उघड्या होत्या आणि कुणाची कुठली ते कळत नव्हतं.

शेठ वर आला तेव्हा मावशीला बसलेली बघून थांबला. मी उभी राहिले. मला वाटलं होतं, आता मलाच बोलावं लागणार आणि मला येणार नाही. पण त्याच्यासमोर मावशीच बोलली. “झालं ते झालं. चूक सापडलीय. उद्या बादली आणून ठेवा.” माझं नाव तिनं घेतलं नाही. मी घेतलं. शेठनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “कल देखेंगे,” आणि खाली गेला.

त्या रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही चारही पदर पुरे केले. शनिवारी बादली आली. व्यापाऱ्यानं चारही पदर बुडवले, पिळले, झटकले. तिसऱ्या पदराचे दोन खडे पडले. त्यानं ते उचलून तळहातावर ठेवले, थोडा वेळ पाहिले आणि फेकून दिले. म्हणाला, चालेल.

मजला राहिला. आम्ही दोघी राहिलो. पुढच्या जूनमध्ये जावेचा मुलगा सुरतेला आला आणि खोलीत पडद्याच्या त्या बाजूला तीन जण झाले. माझी मुलगी इथेच झाली. मी नवऱ्याशी आता रोज भांडू शकते, वर्षातून दोनदा नाही.

पण मावशी राहिली नाही. हंगाम संपला आणि पुढचं नवं कापड आलं तेव्हा शेठनं ते खिडकीजवळ नेलं नाही, मधल्या टेबलावर टाकलं आणि म्हणाला, सगळ्या मिळून बघा. त्यात त्याचं काही चुकलं नाही. आम्ही दोन दिवसांत नमुना केला, मावशीला तीन दिवस लागले असते. ती आमच्यात बसून काम करायची, विचारलं तर सांगायची, हसायचीही. पण ती जाता येता खिडकीकडे बघायची. मग तिला सुरतेतच पर्वत पाटियाकडे कुठेतरी काम मिळालं, तिथे एकटीनं नमुने करायचं. संक्रांतीनंतर ती गेली.

मी तिची पिशवी घेऊन खाली रिक्षापर्यंत गेले. मला वाटलं होतं, ती मला आशीर्वाद देईल किंवा शिवी देईल. ती रिक्षात बसली, साडी सावरली आणि म्हणाली, “तू त्या बुधवारी मला इचारलं असतंस तर मी तुला दिलं असतं. माझ्या हातानं दिलं असतं. शुक्रवारी तुमी सगळ्यांनी घेतलं. त्यात लै फरक हाय.”

“मावशी, तुम्हीपण न सांगताच ओतलं...” मी म्हणाले.

“व्हय, मीपण,” ती म्हणाली. “म्हनून तर नंतर बोल लावला न्हाई कुणाला.” आणि रिक्षावाल्याला म्हणाली, “चल बाबा.”

मी वर आले. सगळ्या काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. काय म्हणाली, काय म्हणाली? मला एक क्षण वाटलं, म्हणावं, नीट राहा म्हणाली. मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, जसं ती बोलली तसंच, मला लागेल ते आणि त्यांना लागेल तेही. एकीनं डोळे पुसले. जाऊ म्हणाली, “इतलं बठ्ठं सांगानी काय गरज व्हती?”

मला माहीत नाही गरज होती का. मी जागेवर बसले, काडी हातात घेतली, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा एकही खडा ठिपक्यावर सरळ बसला नाही.